चौरागडची वाट आणि गाण्याचें बळ

डोंगर चढावयास पाय लागतात, हें कोणीहि सांगेल. पण पाय थकल्यावर काय लागतें, हें आम्हांस चौरागडानें शिकविलें.

महाशिवरात्रीच्या सुमारास विदर्भांतील गांवोगांवचे लोक मध्य प्रदेशांतील पचमढीकडे महादेवाच्या यात्रेस निघतात. आपला वर्धा जिल्हाहि त्यांत मागें नाहीं. खांद्यावर नवसाचे त्रिशूळ, मुखीं महादेवाचीं गाणीं, आणि पुढें चौरागडच्या हजारांहून अधिक पायऱ्या, असा हा सातपुड्यांतला प्रवास. गांवकऱ्यांबरोबर आम्ही कांहीं विद्यार्थीहि गेलों होतों.

तरुणपणाचा ताठा मोठा! आम्हीं आरंभींच धांव घेतली. "म्हातारीं माणसें सायंकाळपर्यंत येतील," असें म्हणून हंसलोंहि. परंतु अर्ध्या वाटेवर छाती भात्यासारखी चालूं लागली. आमचा एक सोबती पायरीवर बसला व "तुम्ही जा, मी येथूनच परततों," म्हणाला. लज्जेची गोष्ट ही कीं, आम्हांपैकीं कित्येकांस तें पटलेंहि.

इतक्यांत खालून गाण्याचा आवाज आला. आमच्याच गांवची मंडळी ती! एक आजीबाई ओळ सांगत, मागची मंडळी ती झेलीत. आजीबाईंनीं त्या मुलास उपदेश केला नाहीं. "चाल बापू, आमच्या मांगं म्हण," एवढेंच म्हणाल्या. तो उठला. प्रथम पुटपुटला, मग गाऊं लागला. आम्हीहि घाई सोडून त्या रांगेंत शिरलों, आणि सर्व मिळून शिखरावर पोहोंचलों.

यांत चमत्कार कांहीं नाहीं, असें आमचें मत आहे. एकानें ओळ सांगावी, इतरांनीं ती उचलावी, या रीतीनें प्रत्येकास श्वास घेण्यास अवसर मिळतो. ताल पावलांस बांधतो. म्हणून बळकट धांवत नाहीं व दुबळा मागें राहत नाहीं. गाणें चढ कमी करीत नाहीं. तें चढणाऱ्यांस एकत्र ठेवतें.

१९३० सालीं महात्माजींनीं दांडीची सुमारें २४० मैलांची वाट धरली, तेव्हां त्यांच्या निवडक यात्रिकांत पंडित नारायण मोरेश्वर खरे हे गवई होते. पुढें १९३६ सालीं महात्माजी आपल्या सेवाग्रामीं राहावयास आले. तेथील प्रार्थनेंतहि भजन असे. ज्यांस लोकांना दूरवर न्यावयाचें असतें, त्यांस गाण्याची किंमत कळते.

म्हणून पालकांस आमची नम्र विनंती कीं, गायनाचा तास म्हणजे वेळेची उधळपट्टी असें समजूं नये. परीक्षा जवळ आली कीं पुष्कळ ठिकाणीं प्रथम तोच तास गणिताच्या वांट्यास जातो! आणि विद्यार्थिबंधुभगिनींनो, मोबाइलवर एकट्यानें ऐकलेलें गाणें गोड खरें. पण त्यानें वाटेंत बसलेला सोबती उठत नाहीं. त्यासाठीं आपलें पाऊल आवरून, त्याच्या शेजारीं उभें राहून, आपणांसच गावें लागतें.