एक्स-रे पाठवला, पण पोहोचला का?

आईच्या कंबरेचा एमआरआय झाला, की फिल्म खिडकीच्या उजेडात धरायची, मोबाइलने फोटो काढायचा आणि शहरातल्या ओळखीच्या डॉक्टरांना व्हॉट्सॲपवर पाठवायचा, ही आता घरोघरची रीत झाली आहे. पलीकडून उत्तर येते, ‘नीट दिसत नाही, मूळ फिल्म घेऊन या.’ आपल्याला वाटते, डॉक्टर टाळत आहेत. पण अनेकदा ते खरेच सांगत असतात. आपण एमआरआय पाठवलेलाच नसतो, पाठवलेला असतो फक्त त्याचा फोटो.

संगणकातली सगळी चित्रे एका जातीची नसतात. काही रेषांची असतात. ईसीजीचा आलेख अशा स्वरूपात साठवला, तर कितीही मोठा केला तरी रेघ तशीच ठसठशीत राहते. काही चित्रे मात्र ठिपक्यांची, म्हणजे पिक्सेलची असतात. मोठी केली की ती फुटतात.

मोबाइलमधले बहुतेक फोटो ठिपक्यांचे आणि ‘जेपेग’ प्रकारचे. हे मानक 1992चे. त्यात चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडतात आणि डोळ्याला सहसा न जाणवणारे बारीक फरक गाळून टाकतात. त्यामागची गणिती युक्ती बेंगळुरूत जन्मलेले नासिर अहमद यांनी दोन सहकाऱ्यांसह 1974 साली मांडली. लग्नाच्या फोटोत हे गाळणे खपून जाते. पण हाडातली केसाएवढी चीर हाच तर एक बारीक फरक असतो! व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवताना तो आणखी आवळला जातो.

रुग्णालयातल्या यंत्रातून निघते ती ‘डायकॉम’ फाइल. सीटी स्कॅनच्या अशा फाइलमध्ये साधारणपणे करड्या रंगाच्या 4096 छटा असतात, तर नेहमीच्या जेपेगमध्ये 256. म्हणूनच त्याच एका फाइलमधून डॉक्टर कधी हाडे, कधी फुफ्फुस, कधी मऊ ऊती उजळून पाहू शकतात. फिल्मवर त्यातली एखाद-दुसरीच निवड छापलेली असते आणि आपला फोटो त्या फिल्मचाही फोटो असतो. शिवाय रुग्णाचे नाव, तपासणीची तारीख, मोजमापाचे प्रमाण हेही त्या फाइलमध्येच असते.

धूसरपणा निदान डोळ्यांना दिसतो. स्वच्छ दिसणारे चुकीचे चित्र अधिक घातक. 2013 साली डेव्हिड क्रिझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाला आढळले, की झेरॉक्स कंपनीची काही यंत्रे स्कॅन करताना आकडेच बदलत होती. सहाच्या जागी आठ, तोही अगदी ठळक. जागा वाचवण्यासाठी यंत्र सारखे दिसणारे ठसे एकच मानत होते. कंपनीला दुरुस्ती पुरवावी लागली. औषधाच्या मात्रेत असा एक आकडा बदलला तर?

याचा दोष रुग्णांना देणे मला पटत नाही. त्यांच्या हाती फिल्मच दिली जाते, म्हणून ते फिल्मचा फोटो काढतात. आंतररुग्णाने मागितल्यास कागदपत्रे 72 तासांत द्यावीत, असे वैद्यक परिषदेचे 2002चे नियम सांगतात. त्याच भावनेने प्रत्येक तपासणी केंद्राने मूळ फाइल न मागता द्यायला हवी. सीडी दिली की काम झाले, असेही नाही. आजच्या कितीशा लॅपटॉपमध्ये सीडी चालते? फाइल मोठी असते आणि गावात नेट रडत चालते, हे खरेच. पण पेन ड्राइव्ह किंवा लिंक देणे काही अवघड नाही.

तोवर आपणही थोडे करू शकतो. तपासणीचे पैसे भरतानाच ‘डायकॉम फाइल द्या’ असे सांगावे. लॅबने पीडीएफ दिली असेल, तर तिचा स्क्रीनशॉट न काढता तीच पुढे पाठवावी. फोटोच पाठवायची वेळ आली, तर व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. मग तो आवळला जात नाही. नाव आणि तारीख कापू नये. आणीबाणीत फोटो जरूर पाठवावा, काहीच नसण्यापेक्षा तो बरा. मात्र शस्त्रक्रिया करायची की नाही, हे फोटोवरून ठरवायला डॉक्टरांना भाग पाडू नये.

तपासणीसाठी आपण हजारो रुपये मोजतो. त्यातून मिळालेली माहिती शेवटच्या टप्प्यावर फुकट का घालवायची?