भावगीताचे धनी

भावगीत म्हणजे हळव्या मनाचे चोचले, असे मानणारा एक वर्ग महाराष्ट्रात प्रथमपासून आहे. रागदारीच्या मैफलीत रमणाऱ्यांना ते उथळ वाटते, नवकवितेच्या अभ्यासकांना भाबडे. अरुण दाते यांच्या गायनावर हा शिक्का विशेष ठळकपणे मारला गेला. ४ मे १९३४ रोजी इंदूरला जन्मलेला आणि ६ मे २०१८ रोजी मुंबईत निवर्तलेला हा गायक मुख्यतः प्रेमाची, विरहाची आणि जगण्याच्या लोभाची गाणी गात राहिला. ती ऐकत नोकऱ्या आणि संसार केलेल्या पिढीने त्यांच्यावर उदंड माया केली. परंतु त्या मायेचे समर्थन करण्याची वेळ आली, की आपला सुशिक्षित रसिक उगाच ओशाळतो. वस्तुतः ओशाळण्याचे काहीच कारण नाही.

हळवेपणा आणि रडवेपणा या दोन भिन्न वस्तू आहेत, एवढे ध्यानात घेतले तरी या आक्षेपाचे निम्मे बळ सरते. दात्यांचा आवाज भव्य नव्हता, तानांचा वर्षाव त्यांनी कधी केला नाही. त्यांच्यापाशी होता तो संयम. ‘भातुकलीच्या खेळामधली’ हे त्यांचे गाणे पाहावे. मोडलेल्या खेळाची ती कहाणी; एखाद्या गायकाने तिथे हुंदका काढला असता आणि टाळ्याही मिळवल्या असत्या. दाते ते जवळजवळ बोलण्याच्या पट्टीत, जुनी हकीकत सांगावी तसे सांगतात. दुःख शब्दांत असते, आवाज ते फक्त आपल्यापर्यंत आणून ठेवतो. गहिवरायचे की नाही, हे श्रोत्याने ठरवावे.

हा संयम कोठून आला, याचे उत्तर बहुधा इंदूरमध्ये सापडेल. वडील रामूभैया दाते हे त्या शहरातील नामांकित रसिक. आरंभीचे संस्कार कुमार गंधर्वांचे, पुढे के. महावीर यांचे मार्गदर्शन. १९५५ पासून दाते आकाशवाणीवर गाऊ लागले, ते उर्दू गझल घेऊन. गझलेत शब्द निसटला की शेर कोसळतो. प्रत्येक अक्षर जागच्या जागी ठेवण्याची सवय त्या शिस्तीतून लागली असावी. शिक्षणाने ते वस्त्रतंत्रज्ञ होते आणि कापडगिरणीतील नोकरी सांभाळून अनेक वर्षे गात होते. ज्या चाकरमान्यांनी त्यांना डोक्यावर घेतले, त्यांच्यापैकीच ते एक होते म्हणा ना.

१९६२-६३ च्या सुमारास ‘शुक्रतारा’ आले. कविता मंगेश पाडगावकरांची, चाल श्रीनिवास खळे यांची, सोबतीला सुधा मल्होत्रांचा स्वर. खळ्यांची चाल गुणगुणताना सोपी वाटते आणि गायला बसले की अंतऱ्याशी दगा देते. महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत याचा प्रत्यय दरसाल येतो! पुढे यशवंत देव यांनी पाडगावकरांच्याच कवितांना चाली दिल्या आणि दात्यांच्या गळ्यात त्या शोभून दिसल्या. देवांच्या विचाराचे नावच ‘शब्दप्रधान गायकी’, त्या विषयावर त्यांचा ग्रंथ आहे. तिचे प्रात्यक्षिक पाहायचे तर दात्यांची गाणी ऐकावीत. भाबडेपणाचा आरोप करणाऱ्यांना आणखी एक आठवण द्यावीशी वाटते. लाचारीवर कोरडे ओढणारी ‘सलाम’ लिहिणारे, आणि त्याच नावाच्या संग्रहासाठी १९८० चे साहित्य अकादमी पारितोषिक मिळवणारे कवी हेच पाडगावकर होत.

अर्थात सर्वच गाणी ‘शुक्रतारा’च्या तोडीची नाहीत. यामागे, अर्थशास्त्राचा अध्यापक म्हणून, मला माध्यमाचे गणित दिसते. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका अंगावर तीन-सव्वातीन मिनिटेच मावत. ध्रुवपद आणि दोनतीन कडवी यांचा बांधेसूद घाट त्या चणचणीतच रुळला. दोनच गाणी द्यायची असत, म्हणून निवडूनच दिली जात. कॅसेट स्वस्त झाली आणि संगीत घरोघर गेले, हा तिचा मोठाच उपकार. पण तासभराची फीत भरायची म्हणजे दहा-बारा गाणी हवीत, आणि बारापैकी चारच मनात राहतात.

तबकडीचा दुसरा एक गुण मात्र आपण पुरता गमावला आहे. तिच्या मधोमध चिकटवलेल्या गोल कागदावर गायकाबरोबर कवीचे आणि संगीतकाराचे नाव सहसा छापलेले असे. कॅसेटच्या घडीच्या कागदावरही ते बारीक अक्षरांत का होईना, सापडे. आज गाणे दूरध्वनीच्या पडद्यावर येते, तेव्हा पुष्कळदा गायकाचे नाव तेवढे दिसते. बाकीचे आपापल्या नशिबाने. ‘सखी शेजारिणी’ दात्यांचे म्हणून सर्वांस ठाऊक आहे. ती कविता वा. रा. कांतांची आणि चाल वसंत प्रभूंची, हे विद्यार्थ्यांना विचारून पाहावे. वसंतराव देशपांड्यांनी गायलेली ‘बगळ्यांची माळ’ ही त्याच कांतांची, हे तर दूरच.

कायदाही येथे विचित्र आहे. ध्वनिमुद्रणावरील स्वामित्व प्रकाशनानंतर साठ वर्षे चालते. म्हणजे १९६३ पर्यंत प्रकाशित झालेल्या तबकड्यांपुरते ते २०२३ अखेर संपले. शब्द आणि चाल यांवरचा हक्क मात्र कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. खळे २०११ मध्ये गेले, पाडगावकर २०१५ मध्ये. त्यांचे हक्क अनुक्रमे २०७१ आणि २०७५ पर्यंत अबाधित आहेत. २०१२ च्या दुरुस्तीने कवी, संगीतकार आणि गायक यांना मानधनात कायमचा वाटाही मान्य केला. परंतु ध्वनिमुद्रिकेवर कोणता तपशील छापलाच पाहिजे, हे सांगणारे याच कायद्याचे ५२-अ हे कलम वाचावे. मुद्रण करणाऱ्याचे नाव व पत्ता, हक्कमालकाचे नाव व पत्ता आणि प्रथम प्रकाशनाचे वर्ष, एवढेच ते मागते. कवीचे नाव मागत नाही, संगीतकाराचे नाही, गायकाचेही नाही! कर्तृत्व सांगण्याचा कवीचा हक्क ५७ व्या कलमात आहे खरा. पण नाव गाळले गेले तर त्यासाठी झगडायचे त्यानेच किंवा त्याच्या वारसांनी. ज्याचे नावच कोणास ठाऊक नाही, त्याच्या वाट्याचा पैसा त्याच्या घरी पोहोचणार कसा?

५२-अ मध्ये या तीन नावांची भर घालणारी दुरुस्ती एका ओळीची आहे आणि तिला सरकारी तिजोरीतून एक पैसाही लागणार नाही. मराठी खासदारांनी ती मागावी. तोवर आपल्या हाती असलेले एक काम करता येईल. अनेक घरांत माळ्यावर तबकड्या आणि कॅसेटींचे खोके पडून आहेत. वाजवायला यंत्र नाही म्हणून ते रद्दीत जातात. महाविद्यालयांच्या मराठी आणि संगीत विभागांनी ते मागून घ्यावेत आणि निदान त्यांवरील कागद तरी विद्यार्थ्यांकरवी उतरवून ठेवावेत: गीत, कवी, संगीतकार, गायक, तबकडीचा क्रमांक, वर्ष. दाते आणि देव दोघेही २०१८ या एकाच वर्षी गेले. कोणत्या कवितेची चाल कोणी बांधली, हे स्वतःच्या आठवणीतून सांगू शकणारी माणसे आता थोडीच उरली आहेत.