घरकामाची किंमत: अजूनही १९७३ च्याच भावाने



मिशिगनमध्ये गाडी चालवणारे आपण सगळे नो-फॉल्ट इन्शुरन्सचे हप्ते भरतो. चूक कोणाचीही असो, जखमी माणसाला स्वतःच्या किंवा घरातल्या पॉलिसीतून भरपाई मिळते. ऑक्टोबर १९७३ पासून लागू असलेल्या या कायद्यामागचा विचार चांगलाच आहे. पण त्यातली एक विषमता आपण मुकाट्याने चालवून घेतो.

अपघातामुळे पगार बुडाला, तर त्याच्या ८५ टक्के रक्कम तीन वर्षांपर्यंत मिळते. तिची कमाल मर्यादा मुळात महिना १,००० डॉलर होती. ती महागाईनुसार दरवर्षी वाढवावी असे कायद्यातच लिहिले आहे, म्हणून आज ती ६,००० च्या पुढे आहे. याउलट स्वयंपाक, धुणे, साफसफाई, मुले सांभाळणे यासाठी दुसऱ्या कोणाला लावावे लागले, तर मिळतात दिवसाला जास्तीत जास्त २० डॉलर. तेही पहिली तीन वर्षे. २०१९ मध्ये या कायद्यात मोठे फेरबदल झाले, पण या आकड्याला कोणी हात लावला नाही. १९७३ च्या २० डॉलरची किंमत आज सुमारे १४० डॉलर होते!

एकाच कायद्यात पगाराला महागाई लागते आणि घरकामाला लागत नाही, हे कुठले गणित? माझ्या प्रयोगशाळेत असे गणित कोणी मांडले, तर मी ते परत पाठवीन.

याची झळ आपल्या घरांना जास्त बसते. एच-४ व्हिसावरच्या अनेकींना नोकरीची परवानगीच नसते. २०१५ पासून काहींना ती मिळू लागली, सगळ्यांना नाही. ज्यांना पगारच नाही त्यांना पगाराची भरपाई कुठली? त्यांच्या श्रमांचा मोबदला म्हणून उरतात फक्त हे २० डॉलर.

"हप्ते वाढतील" असे कोणी म्हणेल. मग पगाराची मर्यादा दरवर्षी वाढते, तेव्हा ही हरकत कुठे जाते? खरी गोष्ट अशी की "ती काय, घरीच असते" असे आपणही म्हणतो. कायदा तेच आकड्यात लिहितो.

मागणी साधी आहे: पगाराला लावलेली महागाईची मोजपट्टी घरकामालाही लावा. आपल्या भागातल्या स्टेट रिप्रेझेंटेटिव्हला आणि सेनेटरला हे लिहा. मत देता येत नसले, तरी पत्र नक्कीच लिहिता येते. आणि घरात कोणी जखमी असेल, तर कोणते काम कोणी, कधी केले आणि त्याचे किती दिले याची रोज नोंद ठेवून ते २० डॉलर मागाच. ते हक्काचे आहेत.