मॉनिटर घेण्याआधी ग्राफिक्स कार्ड पाहा

पुण्यातली तपकीर गल्ली असो, मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की ऑनलाइन सेल, गेमिंग मॉनिटर विकला जातो तो दोन आकड्यांवर: रिझोल्यूशन आणि रिफ्रेश रेट. फुल एचडी की फोर-के, १४४ हर्ट्झ की २४०. आकडा जेवढा मोठा तेवढा मॉनिटर चांगला, हा हिशेब गिऱ्हाइकाच्या मनात पक्का बसला आहे आणि मुलामुलींना कॉम्प्युटर जुळवून देणारे पालकही तोच धरून चालतात. माझ्या मते हा हिशेब चुकीचा आहे. हे दोन्ही आकडे सांगतात ती पडद्याची कमाल क्षमता. ती वापरात आणण्याचे काम ग्राफिक्स कार्डाला करावे लागते. म्हणून निवडीची सुरुवात कार्डापासून आणि प्रत्यक्ष खेळल्या जाणाऱ्या गेमपासून व्हायला हवी. तशी ती केली, तर बहुतेक घरांसाठी उत्तर फोर-के येत नाही आणि २४० हर्ट्झही येत नाही.

आधी कार्डावरचा बोजा पाहू. फुल एचडी पडद्यावर, म्हणजे १९२० गुणिले १०८० वर, सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात. २५६० गुणिले १४४० वर, ज्याला दुकानदार टू-के म्हणतात, ते ३६.९ लाख होतात आणि फोर-केवर ८२.९ लाख, म्हणजे फुल एचडीच्या बरोबर चौपट. गेममध्ये ही चित्रे आधी तयार करून ठेवलेली नसतात. उजेड, सावल्या, पाण्यातले प्रतिबिंब हे सगळे कार्ड त्या क्षणी मोजून काढते. फुल एचडीवर सेकंदाला ६० चित्रे काढायची तर १२ कोटींहून थोडे अधिक पिक्सेल रंगवावे लागतात. फोर-केवर १४४ चित्रे काढायची तर हाच आकडा ११९ कोटींवर जातो. जवळजवळ दहापट काम! ‘सायबरपंक २०७७’सारख्या भारी गेममध्ये हा बोजा मध्यम किमतीच्या कार्डाला पेलत नाही, आणि ज्या कार्डांना थोडाफार पेलतो ती मॉनिटरपेक्षा कितीतरी महाग असतात, वीजही खातात. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०६० कार्डाची कमाल वीजखपत ११५ वॅट आहे, तर आरटीएक्स ४०९० ची ४५० वॅट. स्टीम या गेमविक्रीच्या मंचाच्या नियमित पाहणीत फुल एचडी हेच रिझोल्यूशन वर्षानुवर्षे सर्वांत जास्त वापरात असल्याचे दिसते, त्यामागे हेच कारण असावे.

आता रिफ्रेश रेट. माणसाच्या डोळ्याला ६० हर्ट्झच्या पुढचे काही कळत नाही, सिनेमा तर २४ चित्रांवरच चालतो, असा एक आक्षेप नेहमी घेतला जातो. तो टिकत नाही. सिनेमाच्या कॅमेऱ्यात हालचालीचा पुसटपणा प्रत्येक चित्रात आपोआप उतरतो आणि प्रेक्षक फक्त पाहत असतो. गेममध्ये हात माउस हलवतो आणि डोळा त्याच्या परिणामाची वाट पाहतो. शिवाय आजचे बहुतेक पडदे पुढचे चित्र येईपर्यंत आधीचे चित्र जसेच्या तसे धरून ठेवतात. हलत्या वस्तूमागे डोळा सरकत राहतो, चित्र मात्र जागेवर थांबलेले असते, आणि त्यातून अस्पष्टता येते. सेकंदाला ९६० पिक्सेल वेगाने जाणारी वस्तू ६० हर्ट्झवर १६ पिक्सेल पसरलेली दिसते, १४४ वर सातपेक्षा कमी आणि २४० वर चार. म्हणजे फरक खरा आहे, पण पायरीपायरीने तो आटत जातो. ६० हर्ट्झवर एक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकते आणि १४४ वर ६.९, इथे जवळपास दहा मिलिसेकंद वाचतात. १४४ वरून २४० वर गेल्यास तीनपेक्षा कमी वाचतात, आणि २४० वरून ३६० वर जेमतेम दीड. पहिल्या पायरीसाठी पैसे जरूर मोजावेत. पुढच्या पायऱ्यांवर दर मिलिसेकंदाची किंमत झपाट्याने चढते. तीही कार्ड तेवढी चित्रे देत असेल तरच वसूल होते. कार्ड सेकंदाला ७० चित्रे काढत असेल, तर २४० हर्ट्झच्या मॉनिटरवरही ७० वेगळी चित्रेच दिसणार. त्यापेक्षा पडद्याचा वेग कार्डाच्या वेगाशी जुळवून घेणारी सोय, म्हणजे फ्रीसिंक किंवा जी-सिंक, मॉनिटरमध्ये आहे की नाही हे विचारणे कितीतरी महत्त्वाचे आहे.

मग व्यावसायिक खेळाडू ३६० हर्ट्झचे मॉनिटर का वापरतात? कारण त्यांचा खेळ ‘काउंटर-स्ट्राइक’ किंवा ‘व्हॅलोरंट’सारखा असतो, जो चांगल्या कार्डावर सेकंदाला शेकडो चित्रे देतो आणि जिथे निमिषभराने हार-जीत ठरते. पण त्यांची दुसरी निवडही पाहा. ते साधारण २४ इंची फुल एचडी पडदे वापरतात, आणि ‘काउंटर-स्ट्राइक’चे अनेक नामांकित खेळाडू रिझोल्यूशन आणखी खाली, १२८० गुणिले ९६० वर आणून खेळतात. वेग हवा म्हणून त्यांनी बारकावा सोडला आहे. ज्यांना स्पर्धेत उतरायचे आहे त्यांनी हाच मार्ग धरावा, त्यांच्यासाठी २४० हर्ट्झ रास्त आहे.

रिझोल्यूशनची बाजू घेणाऱ्यांचा एक मुद्दा मात्र मला पूर्ण मान्य आहे. आपल्या घरात मॉनिटर फक्त गेमपुरता राहत नाही. त्यावरच अभ्यास होतो, वर्तमानपत्र वाचले जाते, मराठीत टंकलेखन होते. २७ इंची फुल एचडी पडद्यावर इंचाला सुमारे ८२ पिक्सेल येतात, आणि तेवढ्यात रफार, अनुस्वार, ‘ष्ट्य’ किंवा ‘द्ध’सारखी जोडाक्षरे लहान आकारात गिचमिड होतात. त्यामुळे फुल एचडी घ्यायचे तर २४ इंचांच्या वर जाऊ नये. २७ इंचावर १४४० घेतले की हीच घनता १०९ पर्यंत जाते आणि वाचन सुखाचे होते. फोर-केवर ती १६३ होते, अक्षर आणखी रेखीव दिसते, हे खरेच आहे. दिवसाचे बहुतेक तास लेखन-वाचनात जात असतील आणि गेम हा अधूनमधूनचा विरंगुळा असेल, तर फोर-के आणि ६० हर्ट्झ ही निवडही समंजस ठरते.

डीएलएसएस किंवा एफएसआर असताना कार्डाची चिंता कशाला, असेही विचारले जाते. या तंत्रांत कार्ड लहान चित्र काढते आणि मग ते मोठे करते. ती उपयुक्त आहेत यात शंका नाही. पण फोर-केवर डीएलएसएसच्या ‘क्वालिटी’ पर्यायात मूळ चित्र १४४० वरच काढले जाते. म्हणजे कार्डावर १४४० चा बोजा आणि वर मोठे करण्याचे काम उरतेच. दोन चित्रांमध्ये तिसरे घालणाऱ्या फ्रेम जनरेशनने हालचाल गुळगुळीत दिसते, पण माउसला मिळणारा प्रतिसाद त्यामुळे वेगवान होत नाही. राहिला भविष्याचा मुद्दा. मॉनिटर कार्डापेक्षा जास्त वर्षे टिकतो, हे बरोबर. पण फोर-के घेतला की पुढचे प्रत्येक कार्डही त्याच तोलाचे, महागडेच घ्यावे लागते. प्लेस्टेशन ५ वाल्यांचा प्रश्न सोपा आहे: ते यंत्र १२० हर्ट्झच्या पुढे जात नाही, तेव्हा त्याच्यासाठी २४० हर्ट्झचे पैसे वाया जातात.

माझा कौल असा: मध्यम कार्ड असेल तर २७ इंच, १४४० आणि १४४ ते १८० हर्ट्झ, कार्ड साधे असेल तर २४ इंच, फुल एचडी आणि तेवढाच वेग. उरलेले पैसे कार्डात घाला. आणि मॉनिटर घरी आणल्यावर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंग्जमध्ये जाऊन रिफ्रेश रेट स्वतः तपासा. १४४ हर्ट्झचा मॉनिटर जोडल्यावरही तिथे अनेकदा ६० हीच निवड राहिलेली असते, आणि ती हाताने बदलेपर्यंत मोजलेल्या पैशांचा वेग पडद्यावर येत नाही.