जुन्या मोटारींच्या मंडळाचें लक्षण

जुन्या मोटारी सांभाळणाऱ्या हौशी लोकांचीं मंडळें आतां देशोदेशीं आहेत, आणि त्यांपैकीं बहुतेकांत केव्हां ना केव्हां एक वाद उत्पन्न होतो. मंडळ ज्या गाड्यांसाठीं निघालें त्यांच्यापुरतेंच तें ठेवावें, कीं अलीकडच्या गाड्यांच्या मालकांनाहि आंत घ्यावें? एक पक्ष म्हणतो, दार उघडलें कीं मंडळाचें वैशिष्ट्य गेलें. दुसरा म्हणतो, दार उघडलें नाहीं तर मंडळच जाईल. विषय छंदाचा असला तरी प्रश्न पोरकट नाहीं. परंपरा जपणाऱ्या प्रत्येक संस्थेस तो कधीं तरी सोडवावा लागतो. म्हणून या महिन्यांत त्याचा थोडा विचार करूं.

नैयायिक लोक लक्षणाचे जे दोष सांगतात त्यांपैकीं दोन येथें उपयोगी आहेत. गायीचें लक्षण 'कपिल वर्णाचा पशु' असें केलें, तर काळी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ति. 'शिंगें असलेला पशु' असें केलें, तर म्हैसहि गाय ठरते, ही अतिव्याप्ति. 'जुनी मोटार' या शब्दाचें लक्षण करतांना या दोन्ही दोषांशीं गांठ पडते, आणि वाद करणारे दोन पक्ष म्हणजे वस्तुतः एकेका दोषास भिणारीं माणसें होत.

या वादाचा इतिहास इंग्लंडांत चांगला पाहावयास मिळतो. तेथें १८९६ पर्यंत रस्त्यावरील यांत्रिक गाडीस ताशीं ४ मैलांची मर्यादा असे, व तिच्यापुढें एक माणूस पायीं चालवावा लागे. त्या वर्षींच्या कायद्यानें हलक्या गाड्यांची ही बेडी काढली आणि वेगाची मर्यादा १४ मैलांपर्यंत नेली. तो आनंद साजरा करण्यासाठीं १४ नोव्हेंबर १८९६ रोजीं मोटारींचा तांडा लंडनहून ब्रायटनला निघाला. १९२७ मध्यें त्या प्रवासाची पुनरावृत्ति झाली, आणि महायुद्धासारखीं विघ्नें सोडल्यास ती यात्रा दर नोव्हेंबरांत भरत आली आहे. १९०५ पूर्वीच्या गाडीसच तींत प्रवेश मिळतो. १९३० मध्यें निघालेल्या व्हेटरन कार क्लबनें प्रथम हीच १९०४ अखेरची रेषा ओढली होती. पुढें त्यानें १९१८ अखेरपर्यंतच्या गाड्याहि आंत घेतल्या. परंतु जुन्या वर्गाचें नांव वा सीमा मोडली नाहीं. 'व्हेटरन' गाड्या निराळ्या, 'एडवर्डियन' निराळ्या. घर वाढलें, पण माजघर ओसरींत मिसळलें नाहीं.

दुसरें मंडळ व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब. तें १९३४ मध्यें, बेताच्या मिळकतीच्या मोटारप्रेमींसाठीं म्हणून निघालें. त्याची रेषा १९३० अखेरची. तिच्या मुळाशीं केवळ वयाचा विचार नव्हता. त्यानंतरच्या मंदीच्या काळांत कारखानदार स्वस्ताईच्या मागें लागले आणि मोटारींच्या घडणींतील सचोटी उतरली, अशी त्या मंडळींची धारणा होती. म्हणजे मनांतील लक्षण गुणाचें, आणि कागदावर तें उतरलें तारखेच्या रूपानें. दोष शिरला तो तेथेंच. ऑस्टिन सेव्हन ही साधी, स्वस्त व लहान गाडी १९२२ पासून १९३९ पर्यंत तयार होत होती. तारखेच्या नियमानें १९३० ची सेव्हन आंत, आणि तिची सख्खी धाकटी बहीण १९३१ ची म्हणून बाहेर! उलट, १९३३ पासून रोल्स-रॉइसच्या डर्बी येथील कारखान्यांतून निघालेल्या बेंटले गाड्यांच्या कारागिरीस नांवें ठेवण्यास कोणी धजणार नाहीं. तरी त्याहि बाहेरच.

यावर त्या मंडळानें जो तोड काढला तो आमच्या मतें फार शहाणपणाचा आहे. १९३० ची रेषा त्यांनीं पुसली नाहीं. तिच्याखालीं 'व्हिंटेजोत्तर जातिवंत' अशा अर्थाचा एक नवा वर्ग केला, आणि पुढील दहा वर्षांतील ज्या गाड्या जुन्या सचोटीनें घडविलेल्या होत्या त्या नांवनिशीवार निवडून त्यांत घातल्या. डर्बीच्या बेंटले अशा रीतीनें सन्मानानें आंत आल्या. व्याकरणाच्या भाषेंत बोलावयाचें तर तारीख हा उत्सर्ग आणि ही यादी हा अपवाद. अपवादानें उत्सर्ग मोडत नाहीं. उलट त्याचें क्षेत्र कोठवर आहे तें नेमकें कळतें. पाणिनीपाशीं शिकलेल्या माणसास हें निराळें सांगावयास नको.

तिसरें उदाहरण याहून धीट आहे. १९२९ मध्यें निघालेला बुगाटी ओनर्स क्लब हा एकाच कारखान्याच्या गाड्यांसाठीं निघालेला. त्यानें १९३७ मध्यें ग्लॉस्टरशायरमधील प्रेस्कॉट येथील जागा घेतली, आणि १९३८ पासून तेथील टेंकडीच्या चढावर शर्यती सुरू झाल्या. पुढें १९५० नंतरच्या दशकांत मूळ बुगाटी कारखान्यांतून मोटारी निघणें बंद पडलें. या टेंकडीवर बुगाटीवांचून दुसरें चाक फिरूं द्यावयाचें नाहीं असा हट्ट मंडळानें धरला असता, तर मूठभर गाड्यांवर एवढ्या रस्त्याचा भार किती दिवस पेलला असता? त्यांनीं तो रस्ता इतर गाड्यांना व इतर मंडळांना खुला केला. वर सांगितलेल्या व्हिंटेज मंडळाच्या शर्यतीहि तेथें होतात. पाहुणे वाढले म्हणून यजमानाचें यजमानपण गेलें नाहीं.

आतां जुन्या पक्षाचें म्हणणें न्यायानें ऐकिलें पाहिजे. ब्रायटनच्या यात्रेंत १९२५ च्या गाड्या सोडल्या, तर त्या दुपारच्या आंत सुखरूप पोहोंचतील. आणि एकाच सिलिंडरच्या बळावर धापा टाकीत चढ चढणाऱ्या १९०३ च्या गाडीचें कौतुक करण्यास कोणी थांबणार नाहीं. तसेंच, जेथें मॅग्नेटोच्या दुरुस्तीविषयीं दोन जाणत्यांनीं बोलावें, तेथें कालपरवांच्या गाड्यांचे शंभर प्रश्न येऊन पडले, तर ते जाणते मुकाट्यानें उठून जातील. ही अतिव्याप्तीची भीति खोटी नाहीं.

परंतु अव्याप्तीचा दोष याहून घातक आहे. कारण त्याचें फळ उशिरां दिसतें, आणि दिसतें तेव्हां उपाय उरलेला नसतो. जुनी मोटार म्हणजे नुसतें लोखंड आणि पितळ नव्हे. पांढरा धातु ओतून बेअरिंग तयार करणें व तें हातानें खरवडून दांड्यास बेमालूम बसविणें, सिंक्रोमेश नसलेल्या पेटींत दोनदां क्लच दाबून गिअर बदलणें, ठिणगीची वेळ हातानें मागेंपुढें करून इंजिनाच्या आवाजावरून ती ताडणें, ही विद्या पुस्तकांत अर्धी असते. उरलेली हातांत व कानांत असते, आणि ती गुरूपाशीं बसूनच मिळते. आज हे गुरु वृद्ध झाले आहेत. तरुणास १९०४ ची गाडी परवडत नाहीं. त्याला परवडते ती १९४८ पासून निघालेली मॉरिस मायनर, किंवा १९५९ ची मिनी, किंवा त्याहून अलीकडची एखादी. त्याच्या हाताला वंगण लागलेलें असतें आणि मनांत जिज्ञासा असते. त्यास 'तुझी गाडी पुरेशी म्हातारी नाहीं' म्हणून उंबऱ्यावरून परत लाविलें, तर ती विद्या घ्यावयास दुसरें कोण येणार आहे? शिष्यावांचून बंद पडलेल्या पाठशाळेंत पोथ्या राहतात, पण पाठ राहत नाहीं.

आपल्या देशासहि हा विचार लागू आहे. २०२१ मध्यें केंद्र सरकारनें केलेल्या नियमांत, प्रथम नोंदणीपासून ५० वर्षांवर वय झालेली व मूळ स्वरूपांत राखलेली गाडी 'व्हिंटेज' मानली आहे. म्हणजे येथें रेषा एका सालास खिळलेली नाहीं; ती दरवर्षीं आपोआप पुढें सरकते. आपल्याकडे जुन्या मोटारी म्हटलें कीं संस्थानिकांच्या रोल्स-रॉइस डोळ्यांपुढें येतात. त्या जपाव्यातच. पण वालचंद हिराचंद यांनीं १९४४ मध्यें स्थापिलेल्या प्रीमिअर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून निघालेली फियाट, जी पुढें पद्मिनी नांवानें घरोघर पोहोंचली, तिचें काय? मध्यमवर्गाच्या किती लग्नांच्या वरातींत, किती बाळंतिणींना माहेरीं नेण्यांत ती राबली आहे! २०२३ मध्यें मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनीची शेवटची टॅक्सीहि गेली. जी वस्तु सर्वांच्या दारीं असते ती जपावी असें कोणास वाटत नाहीं, आणि म्हणून तीच आधीं नाहींशी होते. राजवाड्यांतल्या गाडीस रक्षक मिळेल. चाळीखालीं उभ्या राहिलेल्या गाडीस मंडळानेंच आपली म्हटलें पाहिजे.

तेव्हां आमचा निर्णय असा. यात्रेची मर्यादा कडक ठेवावी. ज्या सोहळ्याचा अर्थच त्याच्या तारखेंत आहे, त्याची तारीख हलवूं नये. सभासदत्वाची मर्यादा वाढवावी. पण नव्यांस निराळा वर्ग, निराळें नांव व स्पष्ट यादी असावी, म्हणजे कोणाचें मूल्य कोणांत बुडणार नाहीं. आणि कर्मशाळेस मर्यादाच नसावी. जो हात काळे करावयास तयार आहे त्यास, तो कोणत्याहि गाडींतून आलेला असो, जाणत्यांशेजारीं जागा मिळावी. त्याची गाडी आज तरुण असली तरी तीहि म्हातारी व्हावयाचीच आहे. तोंवर तो शिकून तयार झालेला असला, म्हणजे १९०४ ची गाडीहि निराधार राहणार नाहीं.