मुक्त सॉफ्टवेअरच्या देखभालीचा भार कोणी उचलावा?

पाणलोट क्षेत्राचे नकाशे ‘क्यूजीआयएस’वर तयार होतात; वाण-चाचण्यांच्या आकडेवारीचे विश्लेषण ‘आर’ या प्रणालीत होते. दोन्ही मुक्तस्रोत असल्याने त्यांना परवाना शुल्क लागत नाही. मात्र विनामूल्य वापर म्हणजे विनाखर्च देखभाल नव्हे. अशा अनेक सॉफ्टवेअरमधील दोष दूर करण्याचे काम जाणकार मंडळी नोकरी सांभाळून, फावल्या वेळेत करतात. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये घातक फेरफार उघडकीस आला. ते सांभाळणाऱ्या एकाकी, थकलेल्या स्वयंसेवकाचा विश्वास संपादन करून तो घुसवण्यात आला होता.

या पार्श्वभूमीवर बंगळूरुच्या झिरोधा कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू केलेला ‘फ्लॉस फंड’ महत्त्वाचा ठरतो. जगभरातील मुक्त प्रकल्पांसाठी वर्षाला १० लाख डॉलर आणि एका प्रकल्पास १० हजार ते १ लाख डॉलर, अशी ही योजना आहे. इच्छुकांनी आपली आर्थिक गरज ठरावीक नमुन्यातील फाइलीत जाहीर करावयाची असते. त्यामुळे साहाय्य मागणे ही याचना न राहता रीतसर प्रक्रिया होते.

तथापि, एका कंपनीच्या औदार्यावर विसंबणे पुरेसे नाही. कृषी संशोधन संस्थांनी प्रकल्पाच्या अंदाजपत्रकातच अशा साधनांच्या देखभालीसाठी अल्पशी तरतूद करावी. विस्तार कार्यकर्ते व प्रगतशील शेतकरी यांनी वापरातील त्रुटी कळवाव्यात, मराठी भाषांतरास हातभार लावावा. सामाईक चारीचे पाणी सर्वांचे असते. तिच्यातील गाळ काढण्याची जबाबदारीही सर्वांचीच असते.