आधी एक गेम पूर्ण होऊ दे

सीईटीचा निकाल लागला की हल्ली बऱ्याच घरांत एक नवा वाद सुरू होतो. मुलीला गेम डेव्हलपमेंटची पदवी घ्यायची असते, आईवडिलांना कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची जागा सोडवत नाही. दिवसभर मोबाइलवर खेळणं हा अभ्यास कसा, असं आजी विचारते. लाखांच्या घरातल्या फीचा हिशेब वडील कागदावर मांडतात. मुलीची ओढ खरी असते आणि घरच्यांची काळजीही.

या काळजीला आधार आहे. २०२४ च्या पहिल्या दोनच महिन्यांत गेम बनवण्याचं सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या युनिटीने सुमारे १,८००, मायक्रोसॉफ्टने आपल्या गेम विभागातून १,९०० आणि सोनीच्या प्लेस्टेशनने सुमारे ९०० नोकऱ्या कमी करत असल्याचं जाहीर केलं. आपल्याकडे ‘गेमिंग उद्योगा’चे जे डोळे दिपवणारे आकडे सांगितले जात, त्यांत पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांचा वाटा मोठा होता. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून त्या खेळांवर बंदी घातली. म्हणून माहितीपत्रकातला उलाढालीचा आकडा पाहून कोणी प्रवेश घेऊ नये.

तरीही हे क्षेत्र मराठी मुलांना परकं नाही. युबिसॉफ्ट या गेम कंपनीचा स्टुडिओ २००८ पासून पुण्यात आहे. ‘इंडस’ हा गेम बनवणारी सुपरगेमिंग कंपनीही पुण्याचीच. ‘राजी’ हा भारतीय पुराणकथांवर उभा असलेला गेमही पुण्यातल्या नॉडिंग हेड्स या छोट्या चमूने घडवला. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसे उभारण्याचा त्यांचा प्रयत्न फसला, पण काम थांबलं नाही. २०२० मध्ये गेम बाजारात आला आणि त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या सर्वोत्तम गेमसाठी त्याला नामांकन मिळालं.

मग पदवी हवी की नको?

अमेरिकेतल्या डिजिपेन या संस्थेतल्या विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन ‘नार्बाक्युलर ड्रॉप’ नावाचा छोटा गेम केला. तो पाहून व्हॉल्व्ह कंपनीने त्या चमूलाच कामावर घेतलं आणि त्याच कल्पनेतून २००७ मध्ये जगभर गाजलेला ‘पोर्टल’ आला. ‘जर्नी’ हा गेम बनवणाऱ्या कंपनीचे संस्थापकही सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकताना एकत्र आले. दोन्हीकडे कामाला आली ती वर्गात जुळलेली माणसं आणि त्यांच्याकडून पूर्ण झालेलं काम.

उलट बाजूला एरिक बॅरोन आहे. त्याची पदवी कॉम्प्युटर सायन्सची. मनासारखी नोकरी मिळेना, म्हणून सराव व्हावा यासाठी त्याने एक गेम लिहायला घेतला. चित्रं, संगीत, संवाद, प्रोग्रॅमिंग सगळं एकट्याने करत चारएक वर्षांनी, फेब्रुवारी २०१६ मध्ये, त्याने ‘स्टारड्यू व्हॅली’ बाजारात आणला. त्या काळात तो एका नाट्यगृहात अर्धवेळ काम करत होता. एवढा एकांत आणि एवढी चिकाटी फार थोड्यांना पेलते. बहुतेक मुलांना सोबती लागतात, आणि चांगला गेम अभ्यासक्रम तेच देऊ शकतो.

म्हणून संस्थेची पारख तिथल्या काचेच्या इमारतीवरून करू नये. मागच्या तुकड्यांचे कोणते गेम आज डाउनलोड करून खेळता येतात? शिकवणाऱ्यांनी स्वतः कोणते गेम बाजारात आणले? चित्र काढणारे, कोड लिहिणारे आणि ध्वनी देणारे विद्यार्थी दरवर्षी एका चमूत काम करतात का? उत्तरं ठोस असतील, तर पालकांनी ही पदवी मोकळ्या मनाने घेऊ द्यावी. उत्तरं गुळमुळीत असतील, तर कॉम्प्युटर इंजिनिअरिंग किंवा उपयोजित कला घेऊन सोबत गेम करत राहणं शहाणपणाचं.

एकाच सॉफ्टवेअरभोवती फिरणाऱ्या अभ्यासक्रमापासून तर दूरच राहावं. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिटीने गेमच्या प्रत्येक इन्स्टॉलेशनमागे शुल्क आकारायचं जाहीर केलं, तेव्हा जगभरचे डेव्हलपर हवालदिल झाले. वर्षभराने तो निर्णय मागे घेतला गेला, तोवर अनेकांनी दुसरी वाट शोधली होती. साधनं बदलतात, गणित टिकतं. सेकंदाला ६० चित्रं दाखवायची, तर एका चित्रासाठी मिळतात जेमतेम १६ मिलिसेकंद, आणि त्या अवधीत धावणारं पात्र कुठे पोचलं हे बारावीतल्या व्हेक्टर आणि मॅट्रिक्सच्याच आधारे काढायचं असतं.

संस्थेइतकीच मुलीची ओढही पारखून पाहावी. निकाल आणि प्रवेशफेऱ्या यांच्यामध्ये काही आठवडे मोकळे मिळतात. गोडो हे गेम इंजिन, म्हणजे गेम बनवण्याचं सॉफ्टवेअर, फुकट आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. तेवढ्या दिवसांत मुलीने एका स्क्रीनचा, एका नियमाचा गेम पूर्ण करून मामेभावाच्या हातात द्यावा आणि तो कुठे अडखळतो हे शेजारी गप्प बसून पाहावं. दुसऱ्या सकाळी ती अडचण सोडवायला मुलगी आपणहून लॅपटॉप उघडून बसली, तर घरच्यांनी तिचा अर्ज भरायला घ्यावा. तिला तेवढ्यानेच कंटाळा आला, तर कॉम्प्युटरची जागा अजून हातची गेलेली नाही.